ऑनलाइन व्यवहारात एस्क्रो कसा वापरायचा : माझे १,४९९ गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून

गेल्या पावसाळ्यात मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स विकायला काढली होती, ७०-३०० ची, किंमत लावली २४,०००. तीन दिवस नुसते "लास्ट किती?" वाले मेसेज, आणि मग एक जण आला, नागपूरचा म्हणाला, एकदम गोड बोलणारा, आणि भाव अजिबात केला नाही. जुनी वस्तू घेताना भाव न करणारं गिऱ्हाईक भेटलं तिथेच खरं तर माझे कान टवकारायला पाहिजे होते. पण तो पुढे म्हणाला, "दादा, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, एस्क्रोने करू ना, दोघांनाही सेफ." मला वाटलं वा, पोरगा समजूतदार आहे. त्यानेच लिंक पाठवली.

साईट झकास होती. निळी-पांढरी, पत्त्याशेजारी कुलूप, कोपऱ्यात चॅटला कोणीतरी सपोर्टवाला. पानावर हिरव्या अक्षरात : खरेदीदाराचे २४,००० जमा झाले आहेत. खाली बारीक अक्षरात : विक्रेत्याने खातं व्हेरिफाय करण्यासाठी १,४९९ रिफंडेबल डिपॉझिट भरावं. भरले. पाच मिनिटांनी सपोर्टवाला म्हणतो आता जीएसटी ४,३२० भरा, तेही परत मिळतील. २४,००० वर १८ टक्के, हिशोब अगदी चोख. तिथे मात्र डोक्यात उजेड पडला, कारण जीएसटी असलाच तर त्यांच्या फीवर लागेल, माझ्या लेन्सच्या किमतीवर कशाला? मग साईट कधी रजिस्टर झालीय ते बघितलं. १९ दिवसांपूर्वी. मी स्वतः वेबसाईटची कामं करतो, ही तारीख बघायला मला अर्धं मिनिट लागतं, आणि ती मी पैसे भरल्यावर बघितली. असो.

त्याच्या आधी आणि नंतरही मी खऱ्या एस्क्रोने व्यवहार केलेत आणि ते नीट झालेत, म्हणून एस्क्रो वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण नवीन माणसाला कोणी नीट सांगत नाही की कुठे काय बघायचं, म्हणून एकेक करून लिहितो.

आधी एस्क्रो म्हणजे काय ते

पूर्वी पैज लागली की दोघांचे पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे, आणि तो तिसरा दोघांच्याही विश्वासातला असायचा. एस्क्रो तेच आहे. घेणारा पैसे तिसऱ्याकडे ठेवतो, विकणाऱ्याला कळतं की पैसे आलेत, तो माल देतो, घेणारा माल तपासून हो म्हणतो, मग तिसरा पैसे सोडतो.

आमचे आजोबा व्हीपीने पुस्तकं मागवायचे, पोस्टमन पैसे घ्यायचा आणि मगच पार्सल हातात द्यायचा. त्यात विकणारा सेफ, पण आत पुस्तक आहे की रद्दी हे घेणाऱ्याला पैसे दिल्यावरच कळणार. एस्क्रोत जास्तीचं काय मिळतं तर फोडून बघायची मुदत. तुम्ही जी फी देता ती मुख्यतः या मुदतीची, हे डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

ईबे इंडियावर ज्यांनी खरेदी केलीय त्यांना पैसापे आठवत असेल, तिथे असंच चालायचं. ते दुकान २०१८ मध्ये बंद झालं. फ्लॅट घेणाऱ्यांना एस्क्रो हा शब्द रेरामुळे माहीत असतो, बिल्डरने घेतलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे वगैरे, पण ते प्रकरण वेगळं आहे. तिथे पैसे तुमच्या 'हो'वर सुटत नाहीत, किती काम झालं त्याच्या हिशोबाने इंजिनियर, आर्किटेक्ट आणि सीएच्या सर्टिफिकेटवर सुटतात. त्या एस्क्रोचा आणि या एस्क्रोचा गोंधळ करू नका.

१. मुळात एस्क्रो लागतो का ते ठरवा

गावातल्या गावात भेटता येत असेल तर भेटा. चार माणसं असतील अशा ठिकाणी, दिवसाढवळ्या, वस्तू हातात घेऊन, यूपीआयने पैसे. यापुढे कुठलाही एस्क्रो फिका आहे. पाच-सहा हजाराच्या आतल्या वस्तूला एस्क्रोच्या नादाला लागूच नका, फी आणि डोकेदुखी धरून परवडत नाही.

जिथे भेटणं शक्य नाही, रक्कम तुम्हाला झोंबेल एवढी आहे आणि माल तपासायला वेळ लागतो, तिथे एस्क्रो. वेबसाईटचं डोमेन नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, हे एकदम फिट्ट उदाहरण, समोरचा माणूस जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलाय ते माहीत नाही आणि वस्तू हातात धरता येत नाही. महागडं कॅमेऱ्याचं सामान, वाद्यं, दुसऱ्या देशातून येणारी जुनी घड्याळं, यालाही चालतं.

२. सेवा तुम्ही निवडा, समोरच्याची लिंक उघडू नका

माझी चूक इथेच झाली म्हणून हा मुद्दा लांबण लावून सांगतो. समोरचा "एस्क्रोने करू" म्हणाला तर उत्तम, पण कुठला एस्क्रो ते तुम्ही सांगा, पत्ता स्वतः टाईप करा, आणि तो तुमचा पर्याय मानत नसेल आणि त्याच्याच लिंकवर अडून बसला असेल तर तिथेच राम राम. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरातीची लिंक पण नको, नकली साईटवाले जाहिराती पण विकत घेतात.

साईट दिसल्यावर काय बघायचं :

आयकॅन (जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) हिच्या लुकअप पानावर त्या साईटचा पत्ता टाका, नोंदणीची तारीख दिसते. स्वतःला दहा वर्षांचा अनुभव सांगणारी कंपनी आणि डोमेन गेल्या महिन्यातलं, विषय संपला. पत्ता एकेक अक्षर वाचा, मध्येच एक डॅश घातलेला, शेवटी डॉट कॉमच्या जागी भलतंच काहीतरी, एस्क्रोचं स्पेलिंग एका अक्षराने बदललेलं, हे नेहमीचे प्रकार. पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थ फक्त एवढाच की तुमच्या आणि साईटच्या मधला डेटा लॉक आहे, पलीकडे बसलेला चोर आहे की साव हे ते कुलूप सांगत नाही, आणि ते सर्टिफिकेट फुकटात मिळतं.

पैसे कुठे भरायला सांगतायत ते बघा. एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी किंवा सेव्हिंग खातं असेल तर तो एस्क्रो नाहीच, मग साईट कितीही देखणी असू द्या. आणि विकणाऱ्याकडून आधी डिपॉझिट, व्हेरिफिकेशन चार्ज, टॅक्स असलं काही मागितलं तर ती नकलीच. खऱ्या एस्क्रोची फी त्या व्यवहाराच्या पैशातून जाते किंवा घेणारा सुरुवातीलाच भरतो.

"आरबीआय अप्रूव्ह्ड" हे दोन शब्द वाचून भुलू नका. आपल्याकडे पेमेंट अॅग्रिगेटर, म्हणजे दुकानदारांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या नियमांपासून गोळा केलेले पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, पण ती सोय दुकानदार आणि त्यांच्या गिऱ्हाईकांसाठी असते, तुम्ही-आम्ही आपापसात लेन्स विकायची त्यासाठी नव्हे. कोणी परवान्याचा दावा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या साईटवर अधिकृत कंपन्यांची यादी असते, तिथे नाव शोधा. बँका स्वतः पण एस्क्रो खातं उघडून देतात, त्याला तिघांचा करारनामा लागतो, ते मोठ्या व्यवहारांचं काम आहे.

डोमेनसाठी मी एस्क्रो डॉट कॉम वापरलं. १९९९ पासूनची अमेरिकन कंपनी, कॅलिफोर्नियाचं लायसन्स, २०१५ मध्ये फ्रीलान्सर कंपनीने विकत घेतली. तिथे व्यवहार डॉलर-युरो असल्या परकीय चलनात होतो, रुपयात नाही, हे आधीच माहीत असू द्या. आणि जेवढी नावाजलेली सेवा तेवढ्या तिच्या नकला जास्त.

आणखी एक प्रकार म्हणजे टेलिग्राम-व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मिडलमन. गेमिंगची अकाउंट्स विकणारी पोरं सर्रास वापरतात. ग्रुपचा अॅडमिन दोघांच्या मध्ये थांबतो, पैसे त्याच्याकडे. अॅडमिन प्रामाणिक असेलही, पण त्याच्याच नावाचा, त्याच्याच डीपीचा दुसरा आयडी तुम्हाला पर्सनलवर मेसेज टाकतो आणि तुम्ही त्याला पैसे पाठवता. मी या वाटेला जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका असंच सांगेन.

३. कागदपत्रं आधी जमवून ठेवा

व्यवहार अर्ध्यावर असताना केवायसी अडकली की समोरचा घाबरतो, तुम्ही घाबरता, आणि घाईत चुका होतात. म्हणून आधीच :

- पॅन कार्ड आणि एक फोटो ओळखपत्र. परदेशी सेवेला पासपोर्ट सगळ्यात बिनबोभाट चालतो
- स्वतःच्या नावाचं बँक खातं. बायकोचं, भावाचं नको, ओळखपत्रावरचं आणि खात्यावरचं नाव स्पेलिंगसकट जुळायला पाहिजे
- खात्याचा आयएफएससी, आणि परदेशातून पैसे येणार असतील तर बँकेचा स्विफ्ट कोड. तुमच्या छोट्या शाखेला तो नसतो, बँकेला विचारा कुठल्या शाखेचा द्यायचा
- वेगळा ईमेल, त्याला टू-स्टेप लॉगिन लावलेलं
- वस्तूचं बिल असेल तर बिल, नसेल तर सिरीयल नंबरचा फोटो

नावाच्या स्पेलिंगचं हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, बँकेत नुसती इनिशिअल. माझी केवायसी याच्यामुळे चार दिवस लटकली होती.

४. अटी लिहून काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं

एस्क्रोवाल्याला तुमच्या लेन्समधलं काही कळत नाही. भांडण झालं तर तो फक्त एवढंच बघणार की व्यवहारात काय लिहिलं होतं आणि काय मिळालं. "लेन्स चांगल्या कंडिशनमध्ये" असं लिहिलंत तर तुमचं चांगलं आणि त्याचं चांगलं यात कोकणातला पावसाळा बसतो. मी हल्ली असं लिहितो :

"लेन्स, मॉडेल अमुक, सिरीयल नंबर तमुक. आतल्या काचांवर फंगस नाही. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर चालू. झूम रिंग सैल नाही. पुढचं-मागचं झाकण सोबत, हूड नाही. बॅरलवर डाव्या बाजूला एक खरचटा, फोटो क्रमांक ३ मध्ये दिसतो. तपासणी ३ दिवस, पार्सल हातात मिळाल्यापासून. परत पाठवायची वेळ आली तर वर्णनाशी जुळत नसल्यास कुरियरचा खर्च विक्रेत्याचा, नुसतं मन बदलल्यास खरेदीदाराचा. एस्क्रोची फी निम्मी-निम्मी."

खरचटा लाजून लपवू नका. लिहिलेला खरचटा तुमचा बचाव आहे.

डोमेनचं उदाहरण देतो कारण त्यात मी पोळलोय. माझ्या मावसभावाचं ट्रेकिंगचं सामान भाड्याने द्यायचं दुकान आहे, त्याला हवं असलेलं डॉट कॉम परदेशातल्या एका माणसाकडे होतं. ६५० डॉलरला ठरलं. अटींमध्ये मी लिहिलं की डोमेन ७ दिवसांत माझ्या रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी सांभाळणारी कंपनी) ट्रान्सफर करायचं. पैसे भरले, आणि मग कळलं की त्यानेच ते २० दिवसांपूर्वी दुसरीकडून हलवलेलं. नियम असा आहे की नवीन रजिस्टर केलेलं किंवा नुकतंच हललेलं डॉट कॉम पहिले ६० दिवस साधारणपणे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. तो बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं, आणि मी, जो धंद्यातला, तारीख बघायला विसरलो. शेवटी मी त्याच्याच रजिस्ट्रारकडे अकाउंट उघडलं, त्याने तिथल्या तिथे ते माझ्या अकाउंटला ढकललं, आणि त्याआधी आम्ही एस्क्रोतली अट दोघांच्या संमतीने बदलून घेतली. बदल चॅटवर ठरवून चालत नाही, एस्क्रोच्या पानावर दोघांनी मान्य केला पाहिजे, नाहीतर वादात तो धरला जाईल याचा भरवसा नाही.

म्हणून डोमेन घेताना पैसे भरायच्या आधी हे बघा : शेवटचं ट्रान्सफर कधी झालं, एक्सपायरी कधी आहे (तीन आठवड्यांवर असेल तर नूतनीकरण कोण करणार तेही लिहा), आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबसाईटची जुनी पानं साठवणारी साईट) त्या पत्त्यावर आधी काय चालायचं, आणि ते नाव कोणाचा ट्रेडमार्क तर नाही ना. ट्रेडमार्कवालं नाव एस्क्रोने शंभर टक्के नीट तुमच्या ताब्यात येईल आणि मग वादात तसंच नीट जाईल पण.

५. पैसे भरताना आणि पैसे आलेत का ते बघताना

घेणाऱ्यासाठी : परदेशात पैसे पाठवायचे तर बँकेत ए२ फॉर्म आणि पर्पज कोड लागतो, नेटबँकिंगवर पण होतं. चार्जेसच्या रकान्यात "अवर" निवडा, म्हणजे मधल्या बँकांचा खर्च तुम्ही भरणार. नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते, ६५० पाठवलेले तिथे कमी पोचतात, आणि राहिलेले दहा-पंधरा डॉलर येईपर्यंत व्यवहार पुढेच सरकत नाही. व्यवहाराचा नंबर रिमार्कमध्ये टाकायला विसरू नका.

विकणाऱ्यासाठी : "पैसे जमा झाले" असा ईमेल आला म्हणजे पैसे जमा झाले असं नाही. ईमेलवर नाव काहीही टाकता येतं. ईमेलमधली लिंक न दाबता स्वतः पत्ता टाईप करून लॉगिन करा आणि व्यवहाराचं स्टेटस तिथे बघा. तिथे नसेल तर जगात कुठेच नाही. समोरचा फोनवर कितीही घाई करू द्या, "माझ्याकडून गेलेत दादा, हा बघा स्क्रीनशॉट".

आणि हे तुम्हाला माहीत असेलच पण तरी, यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जाणार. व्यक्तीकडून व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, पण "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" वाले अजून आहेतच. मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, माझा माणूस येऊन वस्तू नेईल, सोबत ओळखपत्राचा फोटो, हा पण जुना खेळ. ओळखपत्र स्वतःहून आणि न मागता पाठवणारा माणूस मला आता जास्तच संशयास्पद वाटतो.

६. माल पाठवताना

वस्तू असेल तर पॅकिंगचा व्हिडिओ, एकाच शॉटमध्ये : सिरीयल नंबर कॅमेऱ्यासमोर, मग बबल रॅप, मग खोका, मग टेप, मग कुरियरचं लेबल. मध्ये कट नको. पावतीवर वजन लिहून घ्या, "खोक्यात वीट निघाली" अशा वादात हे वजन उपयोगी पडतं. पत्ता एस्क्रोत जो दिलाय तोच, ऐनवेळी "भावाच्या पत्त्यावर पाठवा" म्हणाला तर आधी तो बदल एस्क्रोत करायला लावा. ट्रॅकिंग नंबर त्याच दिवशी पानावर टाका.

डोमेन असेल तर लॉक काढायचा, ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा पासवर्ड) द्यायचा, आणि तो कोड पैसे जमा झाल्याचं स्टेटस दिसल्याशिवाय कोणालाही द्यायचा नाही. तो कोड म्हणजे सातबाराच.

७. तपासणीची मुदत : घड्याळ चालू झालंय हे विसरू नका

घेणारे सगळ्यात जास्त इथे फसतात, आणि फसवणारा कोणी नसतो. मुदत संपेपर्यंत तुम्ही काहीच बोलला नाहीत तर बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ "मान्य आहे" असा धरतात आणि पैसे सुटतात. ठाण्याच्या एका मित्राचं पार्सल गणपतीच्या आदल्या दिवशी बिल्डिंगच्या वॉचमनने घेतलं, हा गावी, चिपळूणच्या पुढे, फोनला रेंज नाही. तीन दिवसांची तपासणी होती. गौरी जेवून आला तेव्हा पैसे कधीच गेलेले, आणि लेन्समध्ये फंगस. म्हणून सणासुदीला किंवा प्रवासात असाल तर मुदत आधीच वाढवून लिहा, किंवा व्यवहारच पुढे ढकला.

पार्सल फोडतानाही व्हिडिओ, लेबलपासून सुरू करून. मग लेन्स अशी बघायची : दोन्ही झाकणं काढायची, खोलीतला दिवा बंद, मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारायचा आणि पुढून बघायचं. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिला घाबरायचं कारण नाही, थोडीफार सगळ्यांतच असते. फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, कडेपासून आत फांद्या फुटलेल्या. दमट हवेत पिशवीत पडून राहिलेल्या लेन्समध्ये हमखास. मग कॅमेऱ्याला लावून जवळचा-लांबचा फोकस, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो, आणि सिरीयल नंबर अटीतल्या नंबरशी जुळवा. मोबाईल घेत असाल तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा, केवायएम लिहून पुढे स्पेस आणि आयएमईआय टाकून १४४२२ ला एसएमएस केला तरी चालतो. आधीच्या मालकाचं अकाउंट त्यातून निघालंय का तेही बघा.

डोमेनमध्ये : ते तुमच्या अकाउंटमध्ये दिसतंय, लॉक तुम्हाला लावता-काढता येतोय, नोंदणीतला ईमेल तुमचा झालाय, हे तिन्ही झाल्याशिवाय "मान्य" दाबू नका. विकणारा म्हणेल मी नेमसर्व्हर (त्या पत्त्यावर कुठली साईट उघडायची ते ठरवणारं सेटिंग) बदलून दिलेत, साईट तुमची दिसतेय की. ते म्हणजे घराला तुमच्या नावाची पाटी लावून चावी खिशात ठेवण्यासारखं.

काही खटकलं तर फोनवर वाद घालू नका, मुदत संपायच्या आत एस्क्रोच्या पानावर नाकारा, फोटो जोडा. "आधी मान्य करा, मी हजार रुपये वेगळे परत देतो" याला कधीही हो म्हणू नका.

८. क्रिप्टोवाल्यांसाठी थोडक्यात

पीटूपीवर, म्हणजे एक्स्चेंजच्या मार्फत माणसाने माणसाला, युएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेता-विकताना जो एस्क्रो असतो तो उलटा आहे. तिथे एक्स्चेंज विकणाऱ्याची नाणी अडकवून ठेवतं, रुपये मात्र थेट तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात जातात, त्या रुपयांना एस्क्रोचं कसलंही संरक्षण नाही. विकत असाल तर बँकेच्या अॅपमध्ये बॅलन्स बघूनच नाणी सोडा, एसएमएस आणि स्क्रीनशॉट नकली असतात, आणि सोडलेली नाणी परत येत नाहीत. पैसे एक्स्चेंजवर जे नाव दिसतंय त्याच नावाच्या खात्यातून आलेत का बघा. दुसऱ्या कोणाच्या खात्यातून आले तर ते एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, मग भलत्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं आणि पगार त्यातच अडकतो. घेत असाल तर पैसे पाठवल्यावर "पेड" दाबायला विसरू नका, नाहीतर वेळ संपते आणि नाणी त्याच्याकडे परत जातात. पैसे पाठवल्यावर ऑर्डर कॅन्सल करायला कोणी सांगितलं तर तो चोर आहे. नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, तो हिशोब वेगळा.

९. फसलातच तर

लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका. मी एक रात्र गप्प बसलो, बायकोला सांगायचं कसं म्हणून. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. लाईन लागत नसेल तर लागेपर्यंत करत राहा, आणि मधल्या वेळात राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार भरायला घ्या. बँकेलाही लेखी कळवा.

जवळ हे ठेवा : यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर, पैसे कुठल्या आयडीवर गेले, साईटचा पूर्ण पत्ता, आणि सगळं चॅट. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, समोरचा मेसेज डिलीट करतो. साईटचे स्क्रीनशॉट पत्ता दिसेल असे घ्या, मी घेतले त्यात वरची पट्टीच कापलेली होती आणि दुसऱ्या दिवशी साईट उडालेली. पोलीस स्टेशनला गेलात आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआरचा (हद्द न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येणारा गुन्हा) विषय काढा. फसवणुकीचं जुनं ४२० कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, सोबत आयटी कायद्याचं ६६ डी लागतं, एवढं माहीत असलं की बोलणं जरा सोपं होतं.

आणि यानंतर महिनाभर सावध राहा, कारण "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फी नंतर द्या" म्हणणारे फोन येतात. मलाही आला. त्याला माझं नाव आणि १,४९९ हा आकडा दोन्ही माहीत होतं.

पैसे काही परत आले नाहीत. लेन्स पुढे गंगापूर रोडवर एका चहाच्या टपरीशेजारी उभं राहून २१,५०० ला विकली, इंजिनियरिंगला असलेल्या एका पोराला. तो येतानाच टॉर्च घेऊन आला होता, आणि भाव करताना त्याने मला घाम फोडला.